अर्ज चुकला की अर्ज करणारा?



मनोरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मजकूर पोस्टकार्डाएवढाच, पण त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली तक्रार. मुलीचा एक सरकारी अर्ज (कोणता, ते येथे लिहीत नाही) संगणकावर भरायचा होता. त्यासाठी त्यांना मनोरीहून खाडी ओलांडून मार्वेला आणि तेथून बसने मालाडला, असे तीन वेळा जावे लागले. सायबर कॅफेवाल्याने दर वेळी पैसे घेतले, दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि शेवटी ‘नाव जुळत नाही’ असे तीन शब्द दाखवून अर्ज परत आला. “माझ्याच मुलीचे नाव मला धड लिहिता आले नाही, याची लाज वाटली,” असे त्या लिहितात. दुसरी गोष्ट प्रश्नाची. मुलगी बारावीला आहे आणि तिला ‘यूएक्स डिझाईन’ शिकायचे आहे. हे काय असते? यात पोट भरते का, की नुसती चित्रे काढायची?

ताई, या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत. तुमच्या मुलीला जे शिकायचे आहे ते नीट शिकलेला माणूस त्या अर्जामागे बसला असता, तर तुमच्या तीन फेऱ्यांची एक झाली असती. म्हणून दोन्हींचे उत्तर एकत्रच देतो.

संकेतस्थळ, मोबाईलमधले ॲप, बँकेतल्या कारकुनाच्या पुढ्यातला संगणकाचा प्रोग्राम, स्टेशनावरचे तिकीट यंत्र, हे सर्व कोणीतरी बसून बनवलेले असते. बनवणाऱ्याला संगणक कळतो, पण वापरणारा कळतोच असे नाही. डोनाल्ड नॉर्मन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी 1988 साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. दार ढकलायचे की ओढायचे हे पाटी लावून सांगावे लागत असेल, तर चूक दार बनवणाऱ्याची, असे त्यांचे म्हणणे. पुढे 1993 च्या सुमारास ॲपल कंपनीत असताना ‘यूजर एक्स्पिरियन्स’ हा शब्द त्यांनी रूढ केला. त्याचेच लघुरूप यूएक्स. आपल्या भाषेत सांगायचे तर वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून वस्तू घडवण्याची रीत. 1999 साली तिचे आंतरराष्ट्रीय मानकही तयार झाले. म्हणजे काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, हे आता लिहून ठेवलेले आहे.

शब्द तिकडचा असेल. पण हे काम आपल्या देशात 1951-52 साली फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे, आणि त्यातला एक धागा थेट मुंबईच्या उपनगरात येतो. निरक्षर म्हणजे बुद्धिहीन नव्हे, त्यालाही मत हवे, हा आग्रह बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे धरला होता. स्वातंत्र्यानंतर घटनेने प्रौढ मताधिकार दिला आणि मग खरा प्रश्न उभा राहिला. 1951 च्या जनगणनेत शंभरांत जेमतेम अठरा माणसे साक्षर होती आणि मतदार होते 17 कोटींहून अधिक. त्यांनी मत द्यायचे कसे?

तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने माणसाला बदलायला न जाता पद्धत बदलली. मतदाराने काहीच लिहायचे नाही, खूणही करायची नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. चिन्ह पाहायचे आणि चिठ्ठी त्या पेटीत टाकायची. आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती तेव्हा असाच पेटीपेटीवर होता. या पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक गोदरेजच्या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावायचे तर खर्च वाढत होता. तेव्हा पेटीला आतूनच बसणारे कुलूप त्याच कारखान्यातल्या नाथालाल पांचाळ यांनी सुचवले. हाताने काम करणाऱ्याला जे सुचते ते कचेरीत बसून सुचत नाही, याचा असा पुरावा विक्रोळीत आहे.

पण त्याच निवडणुकीत काय बिघडले तेही पाहिले पाहिजे, कारण त्याची झळ आपल्या घरापर्यंत आली. मतदारयाद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही ही रीत. मग ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या आणि सुमारे 28 लाख नावे यादीतून गेली. रकाना कागदावर होता, पण त्या बाईला तो भरता येईल का, हे आधी कोणी विचारले नव्हते.

आणि उत्तर मुंबईचे काय झाले ते तर जुन्या कार्यकर्त्यांच्या घरात अजून सांगतात. तो मतदारसंघ दोन सदस्यांचा होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकायची नाहीत, टाकली तर मत बाद. आता सांगा, पहिल्यांदाच मत द्यायला आलेल्या गिरणी कामगाराला हे चटकन उमगावे कसे? 1952 च्या जानेवारीत निकाल लागला. काजरोळकरांना 1,38,137 मते आणि बाबासाहेबांना 1,23,576. फरक 14,561 चा. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी मिळून जी निवडणूक तक्रार दाखल केली, तिच्यात बाद ठरलेल्या 74,333 मतपत्रिकांचा मुद्दा होता. मत कुजवण्याचा मुद्दाम प्रचार झाला, असा आरोप होता. तक्रारीने निकाल बदलला नाही. त्या मतांतली किती कावेबाजपणाने वाया गेली आणि किती नुसत्या गोंधळाने, हे आज वेगळे काढता येणार नाही. पण माझे मत विचाराल तर ज्या पद्धतीत गोंधळ सोपा असतो त्याच पद्धतीत लबाडीही सोपी असते. दोन सदस्यांचे मतदारसंघ 1961 च्या कायद्याने बंद झाले. 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत एकाच कागदावर सर्व नावे आणि चिन्हे छापून शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली होती. वापरून पाहा, चूक दिसली की सुधारा, पुन्हा वापरून पाहा. या विद्येचा गाभा हाच आहे. फक्त येथे चुकीची किंमत आपण मोजली.

(मतदान यंत्राच्या बाह्य रूपाची आखणी पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या विभागातल्या प्राध्यापकांनी केली, हेही येथे सांगून ठेवतो. त्या यंत्रावर विश्वास ठेवावा की नाही हा आपल्या चळवळीतला मोठा वाद आहे आणि तो या सदरात मावणारा नाही. मतदाराला आपले मत कोठे पडले ते डोळ्यांनी दिसले पाहिजे, या मागणीतून मात्र कागदी चिठ्ठीचे यंत्र आले. 2013 पासून ते वापरात आले. त्यातली चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते.)

आता रकान्याकडे येऊ. धर्म आणि जात हे दोन रकाने आपल्या माणसाला किती छळतात हे आपणाला सांगायला नको. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असणार असे गृहीत धरले होते. 1956 साली त्यात शीख आले. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि धर्माच्या रकान्यात अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. लिहिले आणि केंद्राच्या सवलतींचे दार बंद झाले. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला 1990 साल उजाडले. चौतीस वर्षे! या काळात किती बापांनी शाळेच्या दाखल्यावर एक आणि नोकरीच्या अर्जावर दुसरे लिहिले असेल. त्यांना खोटे ठरवणे सोपे आहे. कागदाने त्यांच्यासाठी खरे लिहायची जागाच ठेवली नव्हती, हे कोण बोलणार? आजही एखाद्या संकेतस्थळावर धर्म ‘बौद्ध’ निवडला की पुढे जातीची यादी कशी उघडेल, उघडेल की नाही, या धास्तीने आपली मुले बोट उचलत नाहीत. संगणकातली यादी बनवणाऱ्याने बौद्ध घरातल्या एका मुलाला शेजारी बसवून अर्ज भरायला लावला, तर ही धास्ती अर्ध्या तासात त्याच्या ध्यानात येईल.

‘नाव जुळत नाही’ याचेही तसेच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधार कार्डावर बहुधा नाव आधी आणि आडनाव शेवटी. बँकेत कधी वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर. शिवाय कांबळे, गायकवाड ही आडनावे इंग्रजीत लिहिताना मधला ‘ए’ कोणी घालतो, कोणी गाळतो. त्यात आपल्या समाजात कित्येक घरांनी जुनी आडनावे टाकून राजपत्रात नवी छापून आणली. आता 2024 पासून राज्याच्या शासकीय कागदांवर आईचे नावही आले आहे, ते चांगलेच झाले. पण संगणक अक्षरास अक्षर ताडून पाहतो. त्याला हे सर्व एकच मूल आहे हे कसे कळावे? त्याला ते शिकवायला हवे, किंवा निदान त्याने ‘कोणत्या कागदावरचे कोणते नाव कशाशी जुळत नाही’ एवढे तरी सांगायला हवे. तुम्हाला ते सांगितले असते तर तुम्ही पहिल्याच फेरीत तो कागद बरोबर नेला असता. नाव लिहिण्यात तुमचे काहीही चुकलेले नाही.

तर हे काम करायचे कसे? पुस्तकी व्याख्या देण्यापेक्षा घरचा दाखला घेऊ. समजा, आपल्या विहाराच्या जयंतीच्या वर्गणीची वही संगणकावर न्यायची आहे. वस्तीतला एक हुशार मुलगा रात्रभर बसून प्रोग्राम करतो. नाव, पत्ता, रक्कम, पावती क्रमांक. सुरेख दिसतो. दुसऱ्या दिवशी वर्गणी गोळा करणाऱ्या ताई तो मोबाईल हातात घेतात आणि दहा मिनिटांत परत देऊन वही उघडतात. का? कारण ताई नावाने शोधत नाहीत, खोलीच्या क्रमाने जातात. कारण अर्धी घरे पाचशे रुपये तीन हप्त्यांत देतात आणि प्रोग्रामात रक्कम एकदाच लिहिता येते. कारण त्या चालता चालता, एका हातात पिशवी धरून लिहितात. कारण वरच्या गल्लीत रेंज नसते. आणि कारण त्यांच्या वहीत एक खूण असते, जी कोणी विचारली तर सांगत नाहीत. ज्या घरात मरण झाले किंवा काम सुटले, त्या घरासमोर टिंब. त्या घरी या वर्षी मागायचे नाही. असे टिंब कोणत्या प्रोग्रामात असते?

त्या मुलाने आधी दोन संध्याकाळी ताईंबरोबर नुसते फिरायला हवे होते. विचारायचे कमी, पाहायचे जास्त. कारण माणूस काय करतो हे त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. सवयीचे असते ना. मग पाहिलेल्यातून काय हवे ते ठरवायचे. मग संगणकाला हात न लावता कागदावर चौकोन काढायचे. येथे खोली क्रमांक, येथे दिले-राहिले, येथे टिंब. तो कागद ताईंच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचे. गप्प बसणे हे या विद्येतले सर्वांत अवघड काम आहे, असे जाणकार सांगतात. ताईंचे बोट जेथे थांबेल तेथे आपली चूक. कागद फाडायचा, दुसरा काढायचा. याकोब नील्सन नावाच्या तज्ज्ञांनी 2000 साली लिहिले की पाच माणसांपुढे ठेवून पाहिले तरी बहुतेक चुका उघड होतात. पाच माणसे! त्याला ना मोठी कंपनी लागते ना पैसा. कारखान्यातले, दुकानातले, पतपेढीतले मोठे प्रोग्राम करताना हेच करावे लागते, फक्त तेथे ताईंऐवजी गोदामातला हमाल असतो, गल्ल्यावरचा माणूस असतो. आणि बहुतेक वेळा त्यांना न विचारता साहेबालाच विचारले जाते, म्हणून लाखो रुपयांचा प्रोग्राम पडून राहतो आणि कागदाची वही चालू राहते.

पवईच्या त्याच आयडीसीतले एक काम आपल्या मराठीचे आहे. इंग्रजी टाइपरायटरच्या कळांवर आपली बाराखडी कशीबशी बसवलेली असल्यामुळे मराठीतून लिहिणे ज्यांनी टायपिंग शिकले त्यांनाच जमे. प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत शिकलेली वर्णमालाच धरली. क-ख-ग-घ ओळीने मांडले. मोबाईलवर ‘क’ दाबला की त्याच्याभोवती चक्र उघडते, का, कि, की, कु. जे हवे तिकडे बोट सरकवायचे. ‘स्वरचक्र’ या नावाने ते 2013 साली लोकांपुढे आले. चौथी शिकलेल्या माणसाच्या डोक्यात जे आधीच आहे त्याच्यावर यंत्र उभारले, माणसाला नवे पाठांतर दिले नाही. विंडोजमध्ये देवनागरी वाचताना जो ‘मंगल’ टंक दिसे, तोही याच आयडीसीतले र. कृ. जोशी यांनी घडवलेला.

उलट उदाहरणेही हवी तेवढी आहेत. करोनाच्या काळात 2021 साली लसीसाठी कोविन संकेतस्थळावर नाव नोंदवायचे, तर अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसांना प्रथम दुसरा मार्गच ठेवला नव्हता. आणि भाषा इंग्रजी. सर्वोच्च न्यायालयाने 31 मे 2021 च्या आदेशात ज्यांच्याकडे मोबाईल नाही, इंटरनेट नाही त्यांचे काय, असे सरकारला विचारले. त्याच सुमारास थेट केंद्रावर जाऊन नोंदणी सुरू झाली आणि जूनमध्ये मराठीसह इतर भाषा आल्या. महाडीबीटी संकेतस्थळावरून शिष्यवृत्ती द्यायला 2017-18 साली सुरुवात झाली तेव्हाही तांत्रिक अडचणींमुळे अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवलेली म्हातारी माणसे तर आपण पाहतोच. विटा, सिमेंट, भांडी, मासळी यांत आयुष्य गेलेल्या बोटांच्या रेषा झिजतात. ज्याची बोटे कीबोर्डावरच चालली त्याला हे सुचणार नाही. म्हणून त्या टेबलाशी आपल्या घरातले मूल बसलेले हवे.

धम्मात हा विचार नवा नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले, गोड वाणीचे दोन भाऊ भिक्खू झाले होते. नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले भिक्खू बुद्धवचन आपापल्या बोलीत बोलून बिघडवतात, ही त्यांची तक्रार. म्हणून ते छंदस् भाषेत बांधून टाकावे, अशी त्यांनी विनंती केली. तथागतांनी त्यांना खडसावले आणि आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. ‘आपापल्या’ म्हणजे नेमके कोणाच्या, यावर पंडितांत वाद आहे. असेना. कोलंबियाची पदवी मिळवलेल्या बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ काढला तो मराठीत, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता मुलीच्या शिक्षणाचे. पोट भरते का? भरते. सॉफ्टवेअर कंपन्या, बँका, दुकानांची ॲप्स, सर्वांना ही माणसे लागतात. पण सहा महिन्यांत यूएक्स शिकवून नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या क्लासच्या जाहिरातीला भुलू नका. आधी चांगली दारे ठोठावावीत. आयआयटीच्या डिझाईनच्या पदवीसाठी ‘यूसीड’ ही परीक्षा असते. ती 2015 पासून घेतली जाते. बारावीला विज्ञान हवेच असे नाही, कला किंवा वाणिज्य शाखेची मुलगीही बसू शकते. एक भाग संगणकावर सोडवायचा, एक भाग हाताने रेखाटन. अर्ज साधारण ऑक्टोबरात, परीक्षा जानेवारीत. आरक्षण लागू आहे, मात्र जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. तो काढायला वेळ लागतो म्हणून आत्ताच तहसील कचेरीत चौकशी करा, आणि जाताना मुलीचे नाव ज्या ज्या कागदावर आहे ते सर्व कागद एकत्र ठेवून आधी घरीच ताडून पाहा. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवा असे शिकवणाऱ्यांनी परीक्षा एकाच भाषेत ठेवावी, याला काय म्हणावे? पण तयारी करून बसायला हवे. प्रवेश नाही मिळाला तरी कोणतीही पदवी घेऊन पुढे ‘सीड’ ही परीक्षा देऊन पदव्युत्तर शिक्षणाला जाता येते. चित्रकला उत्तम हवीच असे नाही. माणसाकडे बारकाईने पाहण्याची सवय हवी, आणि होडीतून रोज खाडी ओलांडणाऱ्या मुलीला ती बहुधा असतेच.

सुट्टीत तिला एक काम द्या. जो अर्ज परत आला तोच तिने कोऱ्या कागदावर नव्याने आखावा. मग शेजारच्या पाच बायकांपुढे एकेक करून ठेवावा. त्यात एक आजी असावी, एक नुकती लग्न होऊन आलेली सून असावी. मदत करायची नाही, बोलायचे नाही. कोणाचे बोट कोठे थांबले तेवढे वहीत टिपायचे. तो कागद आणि ती टिपणे आमच्या पत्त्यावर पाठवावीत, सोबत मूळ अर्जाची झेरॉक्स. दोन्ही शेजारी-शेजारी याच पानावर छापू.